टाकी फुल्ल करायची सवय आणि हायवेवरची ईव्ही

"ईव्ही फक्त शहरात फिरवायला. हायवेला काढली की सांगितलेल्या रेंजच्या निम्मीच मिळते, एसी लावला तर तीही घटते, दर चार्जिंगला तीन-चार तास जातात, जाममध्ये अडकलात तर भर रस्त्यात बंद पडते आणि फास्ट चार्जिंगने बॅटरी दोन वर्षांत बाद."

हा मेसेज मला महिन्याभरात पाच जणांनी पाठवला. चौघांनी ईव्ही कधी चालवलेली नाही. पाचव्याने चालवलीय, त्याच्याकडे शेवटी येतो.

रेंजपासून सुरू करू. निम्मी नाही, पण कमी मिळते हे खरंय. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज हायवेला वाढतं, ईव्हीचं उलट. शहरात ब्रेक मारताना थोडी वीज परत बॅटरीत जाते, हायवेला ब्रेकच फारसा लागत नाही आणि वारा मात्र सतत आडवा येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 90 वरून 110 वर गेलात तर वेग 22 टक्के वाढला, विरोध जवळपास 50 टक्के. शिवाय कंपनीची रेंज ज्यावरून ठरते त्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा सरासरी वेग ताशी 46 किलोमीटरच्या आसपास असतो, तेव्हा तो आकडा हायवेला लावायचाच कशाला? आपली गाडी ताशी 100 ला 100 किलोमीटरमागे किती युनिट खाते ते एकदा स्क्रीनवर बघून ठेवा. तोच आकडा धरून प्लॅन करायचा.

आता तीन-चार तास. ही समजूत टाकी फुल्ल करायच्या सवयीतून आलीय. मागच्या वेळी फास्ट चार्जरची गन लावून मी नुसता स्क्रीन बघत बसलो होतो. 20 टक्क्यांना चार्जिंगचा वेग 48 किलोवॅट (म्हणजे तासाला 48 युनिट), साठीच्या पुढे 40, ऐंशी ओलांडली तसं 22, आणि 92 ला जेमतेम 9. बॅटरी भरत आली की सेलचं व्होल्टेज मर्यादेला टेकतं, मग गाडीच करंट कमी करते. शेजारचे गृहस्थ तरीही 100 होईपर्यंत हटले नाहीत. शेवटच्या वीस टक्क्यांत त्यांचा जेवढा वेळ गेला, तेवढ्यात मी पुढच्या गावात होतो.

हिशोब करू. बॅटरी 45 युनिटची, खर्च 100 किलोमीटरला 15 युनिट, जायचंय 400 किलोमीटर. फुल्ल करून निघालात तर 225 किलोमीटरवर 25 टक्के उरतात. तिथे थांबून 75 पर्यंत भरा, म्हणजे साधारण 22 युनिट. सरासरी 40 किलोवॅट मिळाले तर 35 मिनिटं. उरलेले 175 किलोमीटर कापून पोचाल तेव्हा 15 टक्क्यांच्या वर शिल्लक. अख्ख्या प्रवासात एक थांबा. हां, 7 किलोवॅटच्या स्लो चार्जरला गाडी लावलीत तर तीन तास नक्की जातील. तो मुक्कामासाठी आहे, वाटेसाठी नाही.

एसी: गाडी तापलेली असेल तर सुरुवातीला जास्त ओढतो, मग एक-दीड किलोवॅटवर येतो. ताशी 100 ला गाडी स्वतः 15 किलोवॅट खातेय, म्हणजे फरक दहाएक टक्क्यांचा. कडक थंडीतला हीटर मात्र खरंच खादाड असतो, विशेषतः हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत गाडी गरम करणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत. जामची भीती याच आकड्यांनी संपते. उभ्या गाडीची मोटर काहीच खात नाही. 20 युनिट शिल्लक असतील तर दीड किलोवॅटने 13 तास एसीत बसा.

बॅटरी दोन वर्षांत बाद होत असती तर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी इतक्या सर्रास दिलीच नसती. रोज फास्ट चार्जिंग केलंत तर झीज थोडी जास्त होते. वर्षातल्या चार ट्रिपांनी नाही.

मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी एक गोष्ट म्हणजे घाट. 1,800 किलोची गाडी 1,000 मीटर चढवायला नेहमीच्या खर्चावर पाचेक युनिट जादा लागतात. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, पण माथ्यावर 100 टक्के भरून निघालात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते.

आता तो पाचवा. त्याचं म्हणणं, ॲपवर चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद होता. ही तक्रार खरी आहे, मलाही असे भेटलेत. काही ठिकाणी दुसरी गाडी लागली की 60 किलोवॅटचे 30-30 होतात, तेही सोसलंय. म्हणून मी एकापेक्षा जास्त मशीन असलेली जागा निवडतो, तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं ते ॲपमध्ये बघतो, दोन-तीन ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवतो आणि पुढचा चार्जर उरलेल्या चार्जमध्ये बसतोय ना, एवढं तपासतो.

त्याला विचारलं, "तिथे पोचलास तेव्हा किती होते?"

"चार टक्के."

पुढचा चार्जर 35 किलोमीटरवर होता.