‘पुन्हा बटण दाबायचं’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

रविवारी रात्री माझ्या ‘चाळीस दिवस का लागले?’ या लेखाखाली एक मोठी प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी ‘एक निवृत्त प्राध्यापक’ एवढंच आहे, म्हणून मी त्यांना सर म्हणतो. उत्तर खाली चार ओळींत मावेना, म्हणून इथे वेगळं लिहितोय.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ला निघालं आणि २३ ऑगस्टला उतरलं. अपोलो ११ चौथ्या दिवशी उतरलं होतं, मग आपल्याला चाळीस दिवस का, असं तेव्हा जो तो विचारत होता. मी लिहिलं होतं की अपोलोचं सॅटर्न ५ रॉकेट सुमारे २९०० टनांचं होतं आणि आपलं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं. लहान रॉकेटने एवढं जड यान थेट चंद्राकडे फेकता येत नाही. म्हणून पृथ्वीभोवती फिरवत, बहुतेक वेळा सगळ्यात जवळून जाताना इंजिन पेटवून, पाच वेळा कक्षा वाढवली, कारण वेग जास्त असताना जाळलेलं तेच इंधन जास्त ऊर्जा देतं. हे मला वर्तमानपत्रातून कळलं नव्हतं, ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा रॉकेट बांधून उडवायचा कॉम्प्युटर गेम खेळून कळलं होतं. लेखाचं म्हणणं एवढंच.

त्यावर सरांचं मुख्य वाक्य असं: ‘अरे बाळा, खेळात रॉकेट पडलं की पुन्हा बटण दाबायचं, इस्रोत असं बटण नसतं, तेव्हा खेळून विज्ञान कळतं हा तुझा भ्रम आहे.’ त्याशिवाय माझा एक आकडा चुकलाय, गेममधलं गुरुत्वाकर्षणच अर्धवट आहे, लेखात इंग्रजी शब्द फार आहेत आणि ‘तुमच्या पिढीला सगळं खेळात हवं’ असंही त्यांनी म्हटलंय.

सर, आधी ‘बाळा’बद्दल. मी एकेचाळीस वर्षांचा आहे. विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहतो, माझी मुलगी आठवीत आहे. वयाने तुम्ही मोठे असाल, नव्हे असालच, पण आपली ओळख नाही. लेखात मी शिक्षकांबद्दल वाकडा शब्द लिहिला नव्हता. आकडा चुकलाय एवढंच लिहिलं असतंत तरी तुमचं म्हणणं तितकंच खरं राहिलं असतं. ‘अरे बाळा’ लावल्याने ते अधिक खरं झालं नाही, फक्त वाचणाऱ्या बाकीच्यांना कळलं की इथे एक मोठा माणूस एका पोराला समज देतोय. तुमच्याखाली दोघांनी लगेच ‘सर, बरोबर झापलंत’ असं लिहिलं. झापण्यासारखं मी काय केलं होतं, हे त्या दोघांनी मला सांगावं.

आकडा चुकला, मान्य. कर्बिन या गेममधल्या ग्रहाची त्रिज्या मी ७०० किलोमीटर लिहिली, ती ६०० आहे. तिथलं वातावरण ७० किलोमीटर उंचीपर्यंत असतं, तो सात डोक्यात राहिला आणि घोळ झाला. लेखात दुरुस्ती केली आहे. पण लेखातला एकही मुद्दा त्या आकड्यावर उभा नव्हता. हा ग्रह त्रिज्येने पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा आहे, असं मी म्हटलं होतं. ते ६०० धरलं तर आणखी पक्कं होतं.

आता ते बटण. तुमच्या त्या एका वाक्याने मला दोन रात्री झोप लागलेली नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे.

इस्रोत पुन्हा बटण नसतं, हे तुम्ही कशावरून म्हणता? चांद्रयान-३ चंद्राकडे निघण्याआधी त्याच्या लँडरच्या चाचण्या झाल्या, त्या इस्रोने स्वतः जाहीर केल्या आहेत. उंची आणि वेग मोजणारे सेन्सर हेलिकॉप्टरला लावून तपासले. इंजिनं आणि नियंत्रण यांचा मेळ बसतो का, हे टॉवर क्रेनच्या आधाराने तपासलं. पाय टिकतात का, हे पाहायला चंद्रावरच्यासारखी माती तयार करून तिच्यावर ते वेगवेगळ्या प्रकारे टेकवून पाहिले. ही क्रेन, ते हेलिकॉप्टर, ती माती म्हणजे पुन्हा दाबायचं बटणच आहे, सर. फक्त ते महाग आहे. चंद्रावर ते बटण नसतं, म्हणूनच ते जमिनीवर शंभरदा दाबून घेतात.

आणि चांद्रयान-२चं काय? ७ सप्टेंबर २०१९च्या त्या रात्री मी आणि माझे वडील दोघंच जागे होतो. पपा बेस्टमध्ये कंडक्टर होते, तेव्हा रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. टीव्हीवर तो हिरवा ठिपका रेषेपासून ढळला, इस्रोच्या हॉलमध्ये शांतता पसरली, आणि पपांनी विचारलं, ‘पडलं म्हणजे नक्की काय झालं?’ मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अश्रू होते, मिठीचा फोटो होता, ‘हिंमत हरू नका’ होतं. काय झालं, ते मी शोधलं तरी सापडलं नाही.

उत्तर मिळालं २०२३ साली, जेव्हा इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ते उघडपणे सांगितलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला झटकन वळायला हवं होतं पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती, आणि उतरायची जागा होती फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. त्या जागी पोचायच्या धडपडीत वेग वाढत गेला. म्हणून पुढच्या वेळी जागा सुमारे चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केली, पाय मजबूत केले, पाचवं इंजिन काढलं, इंधन वाढवलं. सोमनाथ म्हणाले होते की आधीची रचना यश धरून केली होती, ही अपयश धरून केली आहे. काय काय बिघडेल याची यादी करायची आणि ते बिघडलं तरी यान उतरलं पाहिजे अशी रचना करायची.

हे मी वाचलं आणि त्याच रात्री लॅपटॉप घेऊन पपांजवळ बसलो. गेममध्ये मुनवर, म्हणजे तिथल्या चंद्रावर, एका ठरलेल्या ठिपक्यावरच उतरायचा हट्ट धरून यान खाली आणलं. आडवा वेग उरला, मी तिरकं करून सावरायला गेलो, उंची संपली, पडलं. पुन्हा केलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा जागेचा हट्ट सोडला आणि अलगद उतरलं. पपा म्हणाले, ‘म्हणजे स्टॉपच्या खांबासमोरच गाडी लावायच्या नादात गेलं.’ पंचाहत्तरीच्या माणसाला चार वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्या बटणामुळे मिळालं. याला तुम्ही भ्रम म्हणता.

गेम बनवणाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण पुन्हा खेळता येणं ही त्यांची सूट किंवा लाड आहे असं तुम्ही धरून चालला आहात. रॉकेट पडणं फुकट आहे म्हणून गेम शिकवतो, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पडल्यावर का पडलं ते दिसलं पाहिजे, तरच ते शिकवणं. मोबाइलवरच्या कितीतरी गेममध्ये तुम्ही हरता आणि कशाने हरलात ते कळत नाही, कारण ते कळू नये आणि तुम्ही पैसे भरून पुढे जावं अशीच त्याची रचना असते. त्या गेमबद्दल तुम्ही बोलला असतात तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. कर्बलमध्ये पडल्यावर दिसतं की टाकी कुठे रिकामी झाली, टप्पा कधी सुटला, वजनाचा मध्य कुठे गेला. आणि हेही सांगतो की तिथे ते ‘रिव्हर्ट’चं, म्हणजे मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं, बटण सेटिंगमध्ये बंद करता येतं. मी ते बंद करून महिनोन्‌महिने खेळलोय. मुनवर अडकलेल्या एका अंतराळवीराला परत आणायला मला दुसरं यान बांधून पाठवावं लागलं होतं, त्यात माझे तीन शनिवार गेले.

तुम्ही प्राध्यापक होतात म्हणून पुढचं सांगतो. अकरावीत असताना, कॉलेजचं नाव घेत नाही, आम्हांला गुरुत्वाकर्षणाचा धडा लिहून घ्यायला लावला. कक्षेच्या वेगाचं सूत्र फळ्यावर आलं. मी विचारलं, वरच्या कक्षेत यान हळू फिरतं, मग वर जायला वेग वाढवायचा कसा? आमचे तेव्हाचे सर म्हणाले, ‘परीक्षेला येत नाही ते विचारू नकोस.’ वर्ग हसला. बारावीला मला फिजिक्समध्ये शंभरात त्रेचाळीस पडले आणि मी तो विषय सोडला. आजही तो हशा माझ्या कानात आहे.

तो प्रश्न चुकीचा नव्हता. पुढे असलेलं यान गाठायचं तर त्याच्या दिशेने इंजिन पेटवून चालत नाही, तसं केलं की आपण वर जातो आणि मागे पडतो. ब्रेक लावायचा, खाली उतरायचं, खालून पुढे जायचं. जून १९६५मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ या यानाच्या अंतराळवीराने आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, त्याच्या दिशेने इंजिन चालवलं आणि तो टप्पा लांब लांबच जात राहिला. बरंच इंधन गेल्यावर तो नाद सोडावा लागला. तो अंतराळवीर प्रशिक्षित वैमानिक होता. मला हे कळलं वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पहिल्या डॉकिंगसाठी, म्हणजे दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडण्यासाठी, अकरा रात्री घालवल्यावर. म्हणूनच जानेवारी २०२५मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स या दोन उपग्रह जोडून पाहायच्या मोहिमेचं डॉकिंग पुढे ढकललं गेलं, दोन उपग्रह तीन मीटरवर येऊन परत लांब नेले, तेव्हा आमच्या ऑफिसात ‘फसलं वाटतं’ म्हणणाऱ्यांना मी सांगू शकलो की मागे घेणं हा अनुभव गोळा करायचाच भाग आहे. १६ जानेवारीला ते जोडले गेले. तुमच्या वर्गांत बसलेल्या किती मुलांना हे त्या दिवशी सांगता आलं असतं?

हे वाक्य कडक झालं, जाणीव आहे. पण ‘भ्रम’ हा शब्द आधी तुम्ही वापरलात.

आणि २३ ऑगस्ट २०२३. बुधवार. मी कुर्ल्याहून विक्रोळीला येणाऱ्या स्लो लोकलमध्ये होतो. दाराजवळ एका मुलाने मोबाइल आडवा धरला होता आणि आम्ही सात-आठ जण त्यावर वाकलो होतो. सगळे उंचीचा आकडा बघत होते, मी उभ्या वेगाचा बघत होतो. दीडशे मीटरवर यान अधांतरी थांबलं तेव्हा एक काका म्हणाले, ‘अडकलं.’ मी म्हटलं, ‘अडकलं नाही काका, खाली जागा नीट आहे का ते बघतंय.’ सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरलं आणि डब्यात भजनी मंडळाच्या टाळांपेक्षा मोठा आवाज झाला. मी शास्त्रज्ञ नाही, तसं कधी म्हटलंही नाही. पण त्या डब्यात त्या क्षणी काय चाललंय ते मला कळत होतं, आणि ते मला कुठल्या पुस्तकाने दिलं नव्हतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. गेममध्ये एका वेळी एकाच ग्रहाचं किंवा चंद्राचं गुरुत्वाकर्षण धरतात, त्यामुळे लाग्रांज बिंदू, म्हणजे दोन गोलांच्या ओढीचा मेळ बसतो त्या जागा, तिथे नसतात आणि पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ या अशा बिंदूभोवती फिरणारं इस्रोचं सूर्य पाहणारं आदित्य यान तिथे पाठवता येणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. माझा लेख आदित्यवर नव्हता, चाळीस दिवसांवर होता, आणि त्यासाठी हे गणित पुरतं. इंग्रजी शब्दांबद्दल, ‘डॉकिंग’ला ‘जोडणी’ म्हणा असा तुमचा आग्रह आहे. माझ्या मुलीला मी ‘जोडणी’ म्हटलं तर तिला गॅसची जोडणी आठवेल. पिढीबद्दल काहीच बोलत नाही, त्यात मुद्दा नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्या दोघांनी खाली टाळ्या वाजवल्या त्यांच्याही ओळी तशाच आहेत. लेखात त्रिज्येच्या दुरुस्तीपुढे ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ असं लिहिलंय. तिथे तुमचं नाव हवं असेल तर कळवा, घालतो. पुन्हा लिहाल तेव्हा मला ‘तुम्ही’ म्हणा.