प्रयोग झालाच पाहिजे (तुमचा)

व्यावसायिक रंगभूमीवर नव्याने पाऊल ठेवत असाल, तर संवादांच्या आधी एक वाक्य पाठ करा: ‘प्रयोग झालाच पाहिजे.’ नाट्यगृहात ते सगळेच म्हणतात, फक्त दुसऱ्याला उद्देशून. ताप नटाला असतो, वाक्य व्यवस्थापकाच्या तोंडी असतं.

तेव्हा ताप आला तर गोळी घ्या आणि विंगेत उभे राहा. आवाज बसला तर उत्तमच, प्रेक्षक म्हणतील, काय भूमिकेत शिरलाय! पाय मुरगळला तर लंगडत एन्ट्री घ्या; हशा आला, तर पुढच्या प्रयोगापासून दिग्दर्शक ते लंगडणं कायम करेल. एसी बंद असेल तर तक्रार नको. शेरवानीतल्या घामाला वेगळी टाळी पडते.

घरात कोणी गेलंच, तर सांत्वनाआधी बालगंधर्वांचं नाव ऐकायची तयारी ठेवा. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. शंभराहून अधिक वर्षं आपण हे अभिमानाने सांगतोय. त्या रात्री मुलीच्या आईचं काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. तिच्या वाट्याला गायला पद नव्हतं.

अपवादही शिकून घ्या. मंत्रिमहोदयांचा सत्कार त्याच नाट्यगृहात निघाला, की कधीची घेतलेली तारीख सोडायची. तेव्हा हे वाक्य कुणालाच आठवत नाही. बुकिंगचा तक्ता रिकामा दिसला, तर प्रयोग ‘तांत्रिक कारणास्तव’ रद्द. म्हणजे तापाने प्रयोग थांबत नाही, तक्त्याने थांबतो.

आणि पैशाचं चारचौघांत बोलू नका. प्रयोग झाला तरच ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते; रद्द झाला की तुमच्याबरोबर सेट लावणाऱ्याची आणि कपडेवाल्याचीही बुडते. तुम्ही तापात उभे राहता त्याचं खरं कारण बहुधा हेच, आणि ते चांगलं कारण आहे. पण बाहेर सांगताना ‘रंगदेवतेची सेवा’ म्हणायचं. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, तेव्हा या सेवेवर किती चुली पेटत होत्या ते दिसलंच.

शेवटचं, दुसऱ्या अंकाचं. तुमच्या ऐन स्वगतात पहिल्या रांगेत फोन वाजेल आणि तो उचललाही जाईल. ‘अरे, नाटकाला बसलोय, बोल, बोल.’ तिथे तुम्ही पॉज घ्या. सुरू झालेलं संभाषण मध्येच तोडायला लावणं बरं दिसत नाही.