वनस्पतीवर बंदी घालू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

वाचकहो, आपल्यापैकी कुणावर ना कुणावर एक दिवस एखाद्या वनस्पतीला गुन्हेगार ठरवण्याची जबाबदारी येऊन पडणार आहे. सोसायटीच्या गच्चीवरील कुंड्यांचा वाद मिटवताना ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना हे काम जड वाटेल. परंतु घाबरण्याचे कारण नाही. गांजा-भांगेच्या रोपट्याचे प्रकरण आपल्या पूर्वसुरींनी इतक्या चोखपणे हाताळले आहे की त्याची नक्कल केली तरी पुरे.

वनस्पती निवडताना ती खानदानी असेल असे पाहावे. कालपरवा उगवलेल्या तणावर बंदी घालण्यात कसला आला आहे पुरुषार्थ? अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोमाला अग्रस्थान देऊन दर्भ, भंग, यव आदी वनस्पतींना ‘आम्हांस संकटातून सोडवा’ अशी प्रार्थना केलेली आहे. सिथियन नावाचे भटके लोक तंबूत तापलेल्या दगडांवर या झाडाच्या बिया टाकतात आणि त्या वाफेत आनंदाने आरोळ्या ठोकतात, असे हेरोडोटसने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवले. पामीरच्या पठारावरील सुमारे २५०० वर्षांपूर्वीच्या कबरींत सापडलेल्या लाकडी धूपपात्रांत तर त्या धुराचे रासायनिक अवशेषही मिळाले आहेत. एवढी वंशावळ हाती आली की ती तात्काळ विसरून जावी.

मुंबईकरांनी हा विसरण्याचा सराव अधिक काटेकोरपणे करावा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसईच्या तहान्वये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढे मुंबई बेटाचा पट्टा गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याकडे आला. या गृहस्थाने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी द्रव्यांवरील ग्रंथात नमूद केले आहे की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावेसे वाटले तर आपण थोडी भांग खातो आणि तेवढे पुरते, असे बहादूरशहाने मार्तिम अफोंसो द सोझा या पोर्तुगीज सेनानीला विश्वासात घेऊन सांगितले होते. म्हणजे मुंबई देणारा भांग खाऊन जग हिंडत होता आणि मुंबई कसणारा त्याची टिपणे काढीत होता. (तिकिटाच्या रांगेत उभे न राहता इतका प्रवास या शहराशी संबंधित दुसऱ्या कुणी केल्याचे ऐकिवात नाही.) शहराच्या उगमाशी अशी माणसे बसलेली असताना शहाण्याने इतिहासाच्या वाटेला न जाणेच बरे.

बंदीपूर्वी काही दशके त्या वनस्पतीवर यथेच्छ कर घ्यावा. इंग्रजांनी गांजाची लागवड परवान्याने बांधली, विक्रीचे मक्ते लिलावात काढले आणि मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यातल्या पिकावरही आपला हिस्सा वसूल केला. तिजोरी भरत असताना सदसद्विवेकबुद्धीला झोप लागते. ती जागी करण्याचे काम दूरच्या एखाद्या सभागृहावर सोपवावे. येथे ते ब्रिटिश संसदेने केले. १८९३ साली तेथे प्रश्न उपस्थित झाला आणि डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाच्या सभासदांनी मात्र अनुभवी माणसांस न शोभणारी चूक केली: त्यांनी खरोखरच चौकशी केली. देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि अनेक खंडांचे बाड तयार केले.

त्यातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा भाग प्रत्येक होतकरू बंदीकाराने पाठ करावा. रुग्णासोबत जो तक्ता येई, त्यात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. रुग्ण रस्त्यावर सापडलेला, नातेवाइकांचा ठावठिकाणा नाही, तो स्वतः काही सांगण्याच्या अवस्थेत नाही; पण सरकारी रकाना रिकामा कसा ठेवायचा? मग पोलीस तेथे ‘गांजा’ लिहून मोकळा होई. इस्पितळ तो शब्द वहीत उतरवून घेई, वहीतून तो वार्षिक अहवालात जाई, आणि अहवालांची बेरीज झाली की गांजाने हिंदुस्थान वेडा होत चालल्याचे सिद्ध होई. आयोगाने १८९२ सालच्या अशा नोंदींची छाननी केली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. बेताच्या सेवनाने जवळजवळ काहीच अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी ना आवश्यक ना इष्ट, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात आला. अतिसेवनाचा अपाय खराच आहे. परंतु बंदीच्या कामी खऱ्या अपायाचा आधार घेणे कमीपणाचे मानावे. असा अहवाल हाती आल्यास तो सुबक बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा.

पुढचे काम परदेशात उरकावे. १९२४-२५ च्या जिनिव्हाच्या अफूविषयक परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीने आपल्या देशातील ३० ते ६० टक्के वेड हशीशमुळे असल्याचे सांगितले आणि गांजा आंतरराष्ट्रीय करारात दाखल झाला. तोच रकाना, फक्त भाषा फ्रेंच. अमेरिकेने १९३७ मध्ये बंदी न घालता करच लावला: नोंदणीकृत व्यवहारावर औंसामागे १ डॉलर, अन्यथा १०० डॉलर. डॉक्टरांच्या संघटनेचा प्रतिनिधी समितीपुढे विरोध करून गेला होता, तरी डॉक्टरांचा पाठिंबा असल्याचे सभागृहात बिनदिक्कत सांगण्यात आले. १९४२ मध्ये तेथील औषधकोशातून ही वनस्पती वगळली गेली. त्याच सुमारास जपानने फिलिपिन्स घेतल्यामुळे दोरखंडांच्या धाग्याचा पुरवठा तुटला आणि त्याच सरकारने शेतकऱ्यांना याच वनस्पतीचा धाग्यासाठीचा वाण लावण्याची विनंती केली. निर्लज्जपणाची ही इयत्ता गाठायला आपल्याला अजून अवकाश आहे.

आपला कायदा करताना एक फट अवश्य ठेवावी. अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘शेंडा सोबत नसेल तर पाने आणि बिया वगळून’ अशी व्याख्या झाली. तीच १९८५ च्या आपल्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात उतरली आणि तो १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, लागू झाला. त्यामुळे फुलोरा हा अमली पदार्थ आणि त्याच फांदीवरचे पान भांग, अशी सोय झाली. महाराष्ट्रात ती भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. महाशिवरात्रीला बाबुलनाथाच्या रांगेत उभे राहिलेल्यांनी या दोन कायद्यांचा तौलनिक अभ्यास करून ठेवावा. जप्तीच्या वेळी शेंडे, पाने, काड्या, बिया निवडत बसू नये. सगळे एकाच गोणीत भरून काट्यावर चढवावे. २० किलोचा काटा ओलांडला की किमान दहा वर्षे आणि जामीन दुरापास्त. पाने वेगळी केली असती तर वजन किती भरले असते, हा प्रश्न वकील न्यायालयात विचारतोच, पण तोवर आरोपीने आत बरेच सण पाहिलेले असतात.

अंमलबजावणीचा देखावा भव्य असावा. सप्टेंबर २०२० मध्ये चित्रपट कलाकारांच्या चौकशीच्या वेळी मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या निवांत रस्त्यांवर, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या (एनसीबी) कार्यालयाबाहेर, कॅमेऱ्यांची जी गर्दी उसळली, ती आदर्श समजावी; किलोंऐवजी मोबाइलमधील जुने संदेश तोलता येतात, हे तेव्हाच सर्वांस कळले. मात्र त्याच वर्षी २ डिसेंबरला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले, आणि त्या २७ मतांत एक मत भारताचे होते. असे प्रसंग येणारच. तेव्हा दिल्लीहून व्हिएन्नाला जाणारा कागद बॅलार्ड इस्टेटवरून जाणार नाही, एवढी खबरदारी घ्यावी.