बोट येईपर्यंत: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

घरच्या आपत्कालीन तयारीवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली, तीही आडपडदा न ठेवता. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की नागपूरला समुद्र नाही, भूकंपाची धास्ती नाही, सामान दहा मिनिटांत दारात येतं, छतावर सोलर बसलंय, तरी मी लोकांना डबे-कॅन भरायला लावून घाबरवते. हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, दोन खोल्यांच्या घरात यातलं काही बसत नाही. ‘स्वावलंबना’च्या नावाखाली मी मनपाला आणि सरकारला मोकळं सोडते. प्रत्येकाने आपलं आपलं बघायचं ठरवलं तर शेजारधर्म कुठे राहिला? आणि शेवटी टोला: ‘ताई, रात्री दोन वाजता तुमचा चिवड्याचा डबा काय कामाचा?’

रात्री दोनची वेळ तुम्ही नेमकी काढलीत. 22 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर आपल्याकडे जो पाऊस कोसळला तो आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाणी पडलं, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या कित्येकांना जाग आली तेव्हा पाणी घरात होतं. इकडे सीताबर्डीत मोरभवनचा बसस्टँड बुडाला. एनडीआरएफ, एसडीआरएफ, लष्कर, अग्निशमन दल सगळे उतरले, बोटीतून शेकडो माणसं काढली, मूकबधिर मुलांच्या शाळेतली लेकरंही सुखरूप बाहेर आली. त्या जवानांच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. पण पाणी आधी आलं आणि बोट नंतर. मधले तास ज्याचे त्याने काढले. त्या पुरात चार जीव गेले आणि त्यांत घरातच पाण्यात सापडलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या.

माझं सगळं म्हणणं त्या मधल्या तासांबद्दल आहे. सरकार कितीही कामाचं असलं तरी ते तास आपल्या वाट्याचेच असतात.

त्यात चिवड्याचा डबा खरंच उपयोगाचा नाही. तो लागतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा घरात घोटाभर चिखल असतो, शेगडी पेटवायची हिंमत होत नाही आणि पोरं भुकेने किरकिर करतात. रात्री दोन वाजता लागतं ते वेगळंच. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत हवं. हातपाय कोरडे असतील आणि स्विचपर्यंत पाण्यात न उतरता पोचता येत असेल तरच तो पाडायचा. नाहीतर त्याच्या नादी न लागता वर जायचं.

आमच्या ओळखीच्या एका तळमजल्यावरच्या कुटुंबाने दाराशी वाळूची पोती रचली होती. पाणी दारातून आलंच नाही. ते संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून वर आलं, कारण बाहेरचं चेंबर तुडुंब भरलं की घाण पाणी उलटं फिरतं. म्हणून सखल भागात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी प्लंबरला विचारून बाहेर जाणाऱ्या पाइपावर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. ते जमलं नाही तर निदान भांड्यात आणि जाळीवर दाबून बसवता येतील अशा वाळूच्या छोट्या पिशव्या हाताशी असाव्यात.

आणि सिलिंडर. यावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही, पण घरचा भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. आत 14.2 किलो गॅस, वर पंधरा-सोळा किलोचं लोखंड, मिळून तीसच्या आसपास. तो जेवढी जागा व्यापतो तेवढ्या पाण्याचं वजन याहून जास्त भरतं. ओट्याखाली गुडघाभर पाणी झालं की तो कलंडून फिरायला लागतो आणि रबरी नळी शेगडीपासून ओढली जाते. म्हणून पाणी उंबऱ्याला लागताच रेग्युलेटर बंद करून काढून घ्यायचा आणि सिलिंडरच्या गळ्यात दोरीने लटकणारी प्लास्टिकची टोपी तोंडावर घट्ट बसवायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण अंधारात पहिल्यांदा करायला गेलं तर होत नाही. एकदा दिवसाउजेडी करून बघा, वहिनींनाच नव्हे तर घरातल्या पुरुषांनाही करायला लावा.

आता सरकारचं. नाल्या वेळेत उपसल्या जाव्यात, नदीच्या पात्रात बांधकाम होऊ नये, तलावाच्या बांधाची मजबुती रखडू नये, हे मी तुमच्याच आवाजात आवाज मिसळून म्हणेन. त्या पुरानंतर अंबाझरीच्या सांडव्याजवळ पाण्याच्या वाटेत येणारा विवेकानंदांचा पुतळा आणि बांधाची सुरक्षा हे विषय घेऊन पूरग्रस्त नागरिकच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, जनहित याचिका केली. घरात टॉर्च ठेवणारा माणूस अशा कागदावर सही करत नाही, असं तुम्हाला का वाटलं? मला तर उलटंच दिसतं. त्या वेळी पूरग्रस्त कुटुंबांना 10,000 रुपये आणि दुकानदारांना 50,000 रुपयांपर्यंत मदत जाहीर झाली. ती मिळायची पंचनाम्यावर. तलाठी किंवा मनपाचा माणूस दारात आला की आधार दाखवा, पासबुक दाखवा, काय भिजलं ते दाखवा. आणि ज्याचे सगळे कागद लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात लगदा होऊन पडलेत तो काय दाखवणार? कागद प्लास्टिकच्या चेनवाल्या पाऊचमध्ये घालून वरच्या फळीवर ठेवा, त्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या भावा-बहिणीला पाठवून ठेवा, डिजिलॉकर उघडा. चिखल झाडायच्या आधी प्रत्येक खोलीचा, पाणी भिंतीवर जिथवर चढलं त्या रेघेसकट, फोटो काढा. सरकारकडून आपलं हक्काचं वसूल करायलाही ही तयारीच लागते.

जाता जाता एक गंमत. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालयही इथेच, सिव्हिल लाइन्समध्ये, 1957 साली सुरू झालं. आणि आपल्या अपार्टमेंटमधला आग विझवायचा लाल डबा कसा चालवायचा विचारलं की सेक्रेटरीसाहेब आधी त्या पेटीची किल्ली शोधतात.

दहा मिनिटांच्या डिलिव्हरीवर फार लिहीत नाही. रस्ता, फोन आणि नेटवर्क तिन्ही धड असले तरच ते दहा मिनिटं. सोलरबद्दल मात्र गैरसमज इतका पसरलाय की सांगायलाच हवं. घरावरचं नेहमीचं, मीटरला जोडलेलं सोलर लाईन गेली की आपणहून बंद पडतं, भर दुपारी ऊन रणरणत असलं तरी. तशी सोय मुद्दाम केलेली असते, नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल. बॅटरीवालं हायब्रिड सोलर असेल तर गोष्ट वेगळी. तुमचं कोणतं आहे ते बसवणाऱ्याला विचारून घ्या.

मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. समुद्र आणि भूकंप तुम्हाला आठवले, ऊन नाही आठवलं. अहो, आपली खरी आपत्ती दरवर्षी कॅलेंडर बघून येते! मे 2013 मध्ये पारा 47.9 पर्यंत गेला होता. (2024 च्या मे अखेरीस 56 अंशांचा आकडा फिरला, तो सेन्सरच्या बिघाडाचा निघाला. घाबरायला 56 कशाला हवेत, 45 पुरेत.) अशा दुपारी तीनला लाईन जाते, कूलर थांबतो, टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि घरात एक तान्हं आणि एक ऐंशीच्या आजी. पुराची बातमी तरी होते, याची होत नाही.

अशा वेळी पैशाने फारसं काही होत नाही, माहितीने होतं. पश्चिमेच्या खिडक्या ओल्या चादरीने झाकायच्या, आजींना सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या सर्वांत गार खोलीत आणायचं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. तोंडाने घेता येत असेल तोवर हे घोट-घोट. कैरीचं पन्हंही चालेल. खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नका, डोक्या-कानाला दुपट्टा बांधा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका: कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत ओले गार फडके ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालायचं नाही.

कूलरचंही लिहिते, कारण दर उन्हाळ्यात त्याच्या शॉकने कुणी ना कुणी जातं. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही. घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन लगेच तोडणारा स्विच) असेल तर आणखी बरं, आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून तो पडतो का बघायचं.

इन्सुलिन घेणारे घरात असतील तर आणखी एक. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण 30 अंशांच्या आत, आणि मे महिन्यात आपली कोणती खोली 30 च्या आत असते? मातीचं एक मोठं मडकं घ्या, त्यात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळू पाण्याने ओली ठेवा. कुपी कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी. आपलं कोरडं ऊन इथे आपल्याच उपयोगी पडतं. हेच मडकं दमट मुंबईत एवढं गार होणार नाही.

राहिला चोचल्यांचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेत नाही, पण तुम्ही तो चुकीच्या घराला लावलात. पैसेवाल्याच्या घरात पाणी शिरलं तर तो गाडी काढून दुसऱ्या फ्लॅटवर जातो, नाहीतर हॉटेलात. ज्याच्याकडे गाडीही नाही आणि दुसरं घरही नाही, त्याच्या घरात दोन दिवसांचं पिण्याचं पाणी असणं जास्त गरजेचं. चार माणसं, माणशी दिवसाला तीन लिटर, दोन दिवस: 24 लिटर. झाकणाचे दोन कॅन पलंगाखाली बसतात. ते पाणी साठवून विसरायचं नाही, आठवड्याला वापरून पुन्हा भरायचं. गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवून निवळू द्यायचं, वरचं पाणी गाळून खळखळा उकळायचं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलं असेल तेवढेच. खाण्याचं म्हणाल तर फुटाणे, मुरमुरे, गूळ, सातूचं पीठ. यातलं काय बाजारातून मुद्दाम आणावं लागतं? आपल्याकडे वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड वाळवून, गव्हात कडूनिंबाचा पाला घालून कोठी लिंपणाऱ्या बायकांना कुणी भित्र्या म्हटलं नाही. मी त्यात एक टॉर्च, बीपी-शुगरच्या आठवडाभराच्या गोळ्या आणि शिट्टी एवढीच भर घातली. शिट्टी का, तर पावसाच्या आवाजात गच्चीवरून मारलेली हाक पोचत नाही.

शेजारधर्माचं तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात आवडलं, आणि तिथेच आपलं जमेल असं वाटतं. तळमजल्यावरच्या कुटुंबाने वरच्या मजल्यावरच्यांशी आधीच बोलून ठेवावं: पाणी आलं तर आम्ही तुमच्याकडे येऊ, रात्री दार कुणी उघडेल? गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, त्यांना उचलायला कोणते दोघे जातील, प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीत बसवून जिना चढवता येतो का, हे सुक्या दिवशी करून बघावं. ज्या घराने आपली माणसं स्वतः वर नेली, त्या घरापाशी बोटीला थांबावं लागत नाही. ती पुढे जाते, जिथे एकटी म्हातारी आहे तिथे. तुमच्या गल्लीत अशी बैठक घ्याल तर मी यायला तयार आहे, चहा तुमचा.

फोन नंबर तुम्ही मागितले होते, ते देते. कोणत्याही संकटासाठी 112, रुग्णवाहिकेला 108, आगीसाठी 101, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077, गॅसगळतीला 1906. मोबाइलमध्ये सेव्ह कराच, पण खडूने नाहीतर मार्करने दाराच्या आतल्या बाजूलाही लिहा, कारण चार्जिंग संपतं तेव्हा पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही. 1906 मात्र दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहा. गॅसचा वास आला की बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, आणि फोन लावायचा तो अंगणात येऊन.