नाचाने न मिटलेले भांडण

'सेव्ह द लास्ट डान्स' हा 2001 सालचा अमेरिकी चित्रपट नृत्यासाठी गाजला. त्याचा विषय निघाला की माणसे क्लबमधील नाच किंवा शेवटची निवडचाचणी सांगू लागतात. माझ्या मते त्यातील सर्वांत खरा प्रसंग दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात घडतो आणि तेथे कोणी नाचत नाही. शाळकरी वयात आई झालेली शनील आजारी बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे, बाळाच्या बापाचा पत्ता नाही, आणि शेजारी आहे तिची गोरी मैत्रीण सारा, जिचे शनीलच्या भावाशी, डेरेकशी, प्रेम जमले आहे. तुरुंग, अमली पदार्थ आणि गोळीबार यांतून जे थोडे धड पुरुष आमच्या वाट्याला उरतात, त्यांतलाच एक तू येऊन घेऊन जातेस, असे शनील तिला तोंडावर सुनावते. साराला हे बोलणे अन्यायाचे वाटते, कारण तिच्या लेखी हा दोन माणसांचा प्रश्न आहे. शनीलच्या लेखी तो दोघांपुरता कधीच नव्हता. मला त्या क्षणी दोघींचेही पटते, आणि दिग्दर्शक थॉमस कार्टर यांनी हा प्रसंग संगीताचा आधार न घेता जेवढा ताणून धरला आहे, तेवढे धाडस उरलेल्या चित्रपटाने दाखवलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. लहान गावात वाढलेल्या साराला न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामांकित संस्थेत बॅले शिकायचे असते. तिची निवडचाचणी पाहायला निघालेली आई वाटेत मोटार अपघातात जाते. मीच तिला बोलावले होते, या बोचणीने सारा नाच सोडते आणि शिकागोच्या साउथ साइड भागात, जाझ वाजवून जेमतेम पोट भरणाऱ्या वडिलांकडे राहायला येते. नव्या शाळेत जवळपास सगळी मुले कृष्णवर्णीय असतात. शनील तिला आपल्यात घेते, डेरेक तिला हिप-हॉप शिकवतो, प्रेम जमते, बिघडते आणि पुन्हा जुळते. ज्युलिया स्टाइल्स आणि शॉन पॅट्रिक थॉमस यांच्या मुख्य भूमिका आहेत; शनील झालेली केरी वॉशिंग्टन पुढे फार मोठी अभिनेत्री झाली, पण तिची ताकद येथेच लख्ख दिसते.

आपल्याकडच्या अशा कथेत बाप काठी घेऊन दारात उभा असतो. येथे दोन्हीकडची वडीलधारी माणसे फारशी आड येत नाहीत. विरोध होतो तो बरोबरीच्या मुलामुलींकडून, म्हणजे डेरेकची आधीची मैत्रीण, त्याचा जिवलग मित्र मॅलकाय आणि शेवटी सख्खी बहीण यांच्याकडून. ही रचना मला हुशारीची वाटते, कारण त्यामुळे म्हातारे जुनाट आणि तरुण उदार अशी सोयीची वाटणी करून प्रेक्षकाला घरी जाता येत नाही.

काळही ध्यानात घ्यायला हवा. चित्रपट 12 जानेवारी 2001 रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर 2000 मध्ये, अलाबामा राज्याने गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या विवाहाला मनाई करणारे कलम आपल्या राज्यघटनेतून मतदान घेऊन काढले, आणि तेव्हाही सुमारे 40 टक्के मतदारांनी ते राहू द्यावे असाच कौल दिला. वास्तविक 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच असे सर्व कायदे घटनाबाह्य ठरवले होते. कायद्याने मेलेले कलम 33 वर्षे घटनेत पडून राहिले आणि ते उचलून टाकतानाही दर दहांतील चार हात आडवे आले. अशा देशात 1 कोटी 30 लाख डॉलरांत बनलेल्या या किशोरवयीन प्रेमकथेने जगभरात 13 कोटी डॉलरांच्या वर कमाई केली. तिचे श्रेय मी नाकारणार नाही.

साउथ साइडला स्वतःचा इतिहास आहे. दक्षिणेतील राज्यांतून विसाव्या शतकात आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना शिकागोने ठरावीक वस्त्यांत कोंडले. घर गोऱ्याखेरीज इतरांना विकायचे नाही अशा अटी खरेदीखतांत घातल्या जात, आणि न्यायालयांनी त्या अमलात आणू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला 1948 साल उजाडले. एमेट टिल हा 14 वर्षांचा मुलगा याच शहरातला. ऑगस्ट 1955 मध्ये मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेलेला असताना एका गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याच्या आरोपावरून त्याचे हाल करून खून करण्यात आला. साउथ साइडच्या चर्चमध्ये त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली, आणि माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा आग्रह धरला. ज्या वस्तीने ते दर्शन घेतले, तेथे गोऱ्या मुलीचा हात धरून चालणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाकडे पाहून कोणाला काय आठवेल, याची चित्रपट चाहूलही लागू देत नाही. इतिहासाचा धडा द्यावा असे माझे म्हणणे नाही, पण शनीलचा राग येतो कोठून, हे कळायला एखादे वाक्य पुरले असते.

आता नाचाकडे वळतो, कारण चित्रपटाचे खरे सौंदर्य तेथे आहे. डेरेक साराला शिकवतो तो भाग मी कितीही वेळा पाहू शकतो. बॅलेने तिच्या शरीराला सगळे वर ओढायला शिकवले आहे: कणा ताठ, मान लांब, खांदे खाली, पावले बाहेर वळलेली, जमिनीशी जणू संबंधच नाही. हिप-हॉपला नेमके उलटे हवे असते. गुडघे सैल, वजन खाली, कमरेत ढिलेपणा आणि ठेका पायांतून वर चढू देण्याची तयारी. डेरेक तिला आधी साधे बसायला आणि चालायला शिकवतो, आणि ती खुर्चीवरही एखाद्या परीक्षेला बसल्यासारखी बसते, हे पाहून हसू येते. वर्षानुवर्षांची शिस्त शरीरातून काढणे किती कठीण असते, हे ज्याने कोणतेही शास्त्रीय नृत्य थोडेफार शिकले आहे त्याला सांगावे लागणार नाही. पुढे डेरेक तिच्यासोबत जॉफ्री बॅले या नामांकित नृत्यसंस्थेचा प्रयोग पाहायला जातो, आणि देवाणघेवाण बरोबरीची झाली असे आपल्याला वाटू लागते.

ती बरोबरीची नाही. साराने हिप-हॉप शिकले आणि ते तिच्या निवडचाचणीत उपयोगी पडले. ज्या संस्थेने तिला आधी नाकारले होते तिचे दार त्या नव्या पावलांनी उघडले. डेरेकने बॅले पाहिले, एवढेच. त्याला डॉक्टर व्हायचे आहे आणि जॉर्जटाउन विद्यापीठात प्रवेशही मिळतो, हे फार चांगले. पण तिच्याहून सहज नाचणाऱ्या या मुलाला तूही कधी मंचाचा विचार केला आहेस का, असे सारासकट कोणीही विचारत नाही. त्याचा नाच वस्तीत मुरलेला असतो, तिने उचलला की कला होतो.

खुद्द बॅलेच्या इतिहासात या प्रश्नाला उत्तर सापडते. न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलँचिन यांनी 1957 मध्ये 'अगॉन' या रचनेतील युगुलनृत्य आर्थर मिचेल हा कृष्णवर्णीय नर्तक आणि डायना ॲडम्स ही गोरी नर्तिका यांच्यासाठी बांधले. त्यात त्याचा काळा हात तिच्या गोऱ्या हातापायांवर सतत असतो आणि तो विरोधाभास रचनेचाच भाग आहे. अनेक प्रेक्षकांना ते सहन झाले नाही. याच मिचेल यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, 1969 मध्ये, 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' उभारले, कारण बॅले हे कृष्णवर्णीय मुलांचे काम नाही हा समज त्यांना मोडायचा होता. म्हणजे डेरेकसारखा मुलगा बॅलेच्या मंचावर दिसण्याला चित्रपटाच्या वेळी चाळीसहून अधिक वर्षे होऊन गेली होती, आणि तरी पटकथेला ती शक्यता सुचली नाही.

जाता जाता एक बारीक गोष्ट. शिकागोने हाउस हे क्लबमध्ये नाचायचे इलेक्ट्रॉनिक संगीत जगाला दिले, जोडीने नाचायचे 'स्टेपिन' तेथलेच, आणि पायांच्या विजेच्या वेगाच्या हालचालींचे 'फुटवर्क'ही त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढले. फातिमा रॉबिन्सन यांचे नृत्यदिग्दर्शन उत्तम आहे, पण त्यात शिकागोपेक्षा त्या काळच्या संगीतचित्रफितीच अधिक दिसतात.

शेवटाबद्दल तर मला मुळीच समाधान नाही. मॅलकायने एकदा स्वतः पकडला जाऊन डेरेकला वाचवलेले असते, आणि त्या उपकाराची परतफेड म्हणून तो त्याला टोळीच्या बदल्याला बोलावतो. त्याच दिवशी साराची निवडचाचणी असते. डेरेक योग्य तेच करतो, यात वाद नाही. परंतु लेखकांनी त्याच्यापुढे दोनच दारे ठेवली, एक गजाआडचे आणि दुसरे गोऱ्या मुलीच्या मंचाचे. त्याचे वाचणे तिच्या यशाचा जोडधागा होऊन बसते. शनील दरम्यान नरमते, भावाचा मार्ग मोकळा करते, आणि तिने प्रतीक्षागृहात मांडलेला प्रश्न कोणी खोडून काढलेला नसतानाही निकालात निघतो. मग सगळे क्लबमध्ये नाचतात.

पुढे काय झाले तेही बोलके आहे. याच कथेचे लेखक डुएन ॲडलर यांनी 2006 मध्ये 'स्टेप अप'च्या लेखनात भाग घेतला. वस्तीतला मुलगा, शास्त्रशुद्ध शिकणारी मुलगी, मिश्र नाच, सगळा साचा तोच, पण आता मुलगाही गोरा. नेमका जो भाग अवघड होता तोच काढून टाकला, आणि त्या चित्रपटाची मोठी मालिका झाली. त्याच वर्षी 'सेव्ह द लास्ट डान्स'चा दुसरा भाग चित्रपटगृहांना वगळून थेट डीव्हीडीवर आला. त्यात सारा ज्युलियार्डमध्ये आहे, भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीची आहे, आणि तिला पुन्हा एक कृष्णवर्णीय तरुण भेटतो, जो तिला हिप-हॉपकडे परत नेतो. डेरेक त्यात पडद्यावर कोठेच नाही, आणि शनीलही नाही.