आबांवर थ्री-बेट कशी मारावी

हिवाळ्यात यावल-रावेरकडच्या मळ्यांत भरीत पार्ट्या सुरू होतात, बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला पडतात आणि तेवढ्या वेळात ताडपत्रीवर नऊ जण टेक्सास होल्डेम (हातात दोन आणि मध्ये सामायिक पाच पानांचा पोकर) मांडून बसतात. 1887 सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा मान राखून पैशांऐवजी चिंचोके लावले जातात, हे आधीच सांगून ठेवतो. अशा डावात फ्लॉपच्या (मधल्या पहिल्या तीन पानांच्या) आधी, तेही सुरुवातीच्या जागेवरून, री-रेझ करून, म्हणजे दुसऱ्याने वाढवलेली बोली आणखी वाढवून (हीच थ्री-बेट), आपला अभ्यास दाखवू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम माणूस नीट निवडावा. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच दोघांनी लावायचे सक्तीचे डाव, 1 आणि 2 चिंचोक्यांचे आहेत, आणि त्यानंतरची पहिली पाळी असलेल्या आबांनी, दोन तास मुकाट्याने पाने टाकून झाल्यावर, टोपी सरळ करून 6 चिंचोके पुढे सरकवले आहेत. ज्याच्या मागे आठ जण बोलायचे बाकी असतात, तो भक्कम पानांवाचून पुढे येत नाही, असे जुने खेळाडू मानतात. तुम्ही मात्र व्हिडिओ पाहिलेले आहेत. तेव्हा आबा घाबरले आहेत, असे समजून चालावे.

आबांच्या डाव्या हाताला तुम्ही, आणि तुमच्याकडे किलवरचा एक्का व किलवरची पंजी. तुमच्यामागे अजून सात जण आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याकडे राजांची जोडी असेल, हा विचार मनाला शिवू देऊ नये, कारण तो एकदा शिवला की पाने टाकून चुलीकडे जावेसे वाटते. त्याऐवजी ‘ब्लॉकर’चा, म्हणजे आपल्या हातातले पान समोरच्याला मिळू शकत नाही याचा, हिशेब करावा: एक्क्यांची जोडी एरवी 6 प्रकारे जमते, पण एक एक्का तुमच्याकडे असल्याने 3 च प्रकार उरतात. हिशेब बिनचूक आहे. आबांना त्या तिनांतला एकच लागतो, एवढे लक्षात न घेतले म्हणजे झाले.

री-रेझ 18 च्या आसपास करावी, असे पुस्तकी लोक सांगतात. तुम्ही काटकसरीने 10 करावेत. आता 19 चिंचोके मध्ये पडलेले असताना आबांना आणखी 4 च भरायचे आहेत, आणि केळीच्या भावासाठी व्यापाऱ्याशी जन्मभर घासाघीस केलेला हा गृहस्थ असा सौदा नक्कीच सोडून देईल.

आबा सोडत नाहीत. ते पुढचा-मागचा सगळा ढीग लोटतात आणि “बघ भो, तुझी मर्जी,” एवढेच म्हणतात. इथे 10 चिंचोक्यांवर पाणी सोडून उठता येते, परंतु सात जण पाहत असताना तसे करणे अभ्यासूला शोभत नाही. एक्क्यांच्या जोडीसमोर एक्का-पंजी साधारण आठात एकदा जिंकते. ती वेळ हीच, असे मानून सगळे लावावे. (आमची पिशवी याच श्रद्धेने रिकामी झाली.)

आबा इस्पिकचा आणि बदामचा एक्का उलटतात. पाच पाने पडतात, त्यांत किलवर एकच, म्हणजे पाच किलवर काही जमत नाहीत. तुमच्याकडे चिंचोके उरलेले नसल्याने वांगी सोलायचे काम आपोआप तुमच्याकडे येते. ती फार गरम असतात, तेव्हा बोटे मधूनमधून पाण्यात बुडवत जावीत.