सॉर्बिट्रेटने ब्लॉकेज उघडत नाही

गेल्या रविवारी पंचवटीतल्या घरी गेलो, तेव्हा देवघराशेजारच्या खणात उदबत्तीच्या पुड्याखाली सॉर्बिट्रेटची एक पट्टी सापडली. विचारल्यावर आई म्हणाली, "तुझ्या भाचीनेच पाठवलंय, ती डॉक्टर होतेय, तिला कळत नाही का?" भाची एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे शरीररचनाशास्त्र उत्तीर्ण होऊन ती आता औषधशास्त्र शिकते आहे. आणि तिने घरच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे ढकललेला तो संदेश मी याआधीही अनेकदा पाहिलेला होता. हृदयविकाराचा झटका आल्यास घरच्या घरी जीव कसा वाचवावा, हे त्यात सांगितले आहे: सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा, ब्लॉकेज उघडते, ॲस्पिरिन चावा, गुठळी विरघळते, कोलेस्टेरॉलची गोळी घ्या, चरबी वितळते, जोरजोरात खोका, हृदय चालू राहते, आणि डाव्या हातात कळ नसेल तर तो गॅस समजून सोडा प्या. मी नाशिकमध्ये औषधशास्त्र शिकवतो. माझ्याच घरातली विद्यार्थिनी हे न तपासता आजीला पाठवते, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

सॉर्बिट्रेटचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. हे औषध म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. जिभेखालच्या पातळ अस्तरातून ते तिथल्या शिरांमध्ये आणि पुढे मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाकडे जाते. गिळलेल्या गोळीचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते, तो टप्पा इथे टळतो, आणि म्हणून काही मिनिटांत परिणाम दिसतो. त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होते, पेशींमधले सायक्लिक जीएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) वाढते आणि रक्तवाहिन्यांचे, त्यातही मुख्यतः शिरांचे, स्नायू सैलावतात. रक्त शिरांमध्ये साठून राहते, हृदयाकडे कमी परतते, हृदयाचे काम हलके होते आणि अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने छातीत येणारी, कळ थांबते. झटक्यात धमनी बंद करणारी गुठळी या साखळीत कुठेही येत नाही. कळ थांबली म्हणजे बंद धमनी उघडली, असे मानणे ही मूलभूत चूक आहे.

आता हेच औषध घातक कधी ठरते, हे पाहण्यासाठी पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्र आठवावे लागते. उजव्या जवनिकेला, म्हणजे फुफ्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला, मुख्यतः उजवी कोरोनरी धमनी रक्त पुरवते आणि बहुतेक माणसांत हृदयाच्या खालच्या भिंतीचा पुरवठाही तिच्याकडूनच होतो. ही धमनी वरच्या टोकाशी बंद पडली, की खालच्या भिंतीबरोबर उजवी जवनिकाही दुबळी होते, आणि अशी दुबळी जवनिका शिरांतून परतणाऱ्या रक्ताच्या भरण्यावरच कशीबशी पुढे रक्त ढकलत असते. नेमका तोच भरणा सॉर्बिट्रेटसारखे नायट्रेट कमी करते. रक्तदाब कोसळतो, माणूस खुर्चीतच बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना वाटते की झटकाच वाढला. आदल्या दिवशी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेल्या माणसाचीही हीच गत होऊ शकते, कारण ते औषध सायक्लिक जीएमपीचे विघटनच रोखून धरते. त्याच गटातल्या टाडालाफिलच्या बाबतीत तर नायट्रेट देण्याआधी ४८ तास थांबावे लागते. ज्यांना हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून ही गोळी लिहून दिली आहे, त्यांनी ती सांगितल्याप्रमाणे जरूर जवळ ठेवावी. आईला ती कुणीही लिहून दिलेली नव्हती.

ॲस्पिरिनच्या बाबतीत मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. पण ॲस्पिरिन गुठळी विरघळवत नाही. ते प्लेटलेट्समधल्या कॉक्स-१ या विकराला कायमचे बंद करते, प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटवणारे थ्रॉम्बॉक्सेन बनणे थांबते आणि गुठळी आणखी वाढत नाही; प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवा विकर बनवता येत नाही, म्हणून हा परिणाम तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. गुठळी विरघळवण्याचे काम त्याच चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजने केले, ते शिरेतून आणि रुग्णालयात. दोन्ही औषधे मिळालेल्यांमध्ये मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले, म्हणजे ॲस्पिरिन हा रुग्णालयाला पर्याय मुळीच नाही. शिवाय पोटात रक्तस्राव होणाऱ्या किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला ते देता येत नाही, आणि महाधमनीचे अस्तर फाटल्यानेही छातीत अशीच कळ येते; त्या माणसाला ॲस्पिरिन अपाय करते. म्हणूनच १०८ ला फोन आधी लावावा आणि ॲस्पिरिनचे त्यांनाच विचारावे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, म्हणजे स्टॅटिनवर, फार लिहिण्याची गरज नाही: ते यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेत अडथळा आणते, त्याचा परिणाम रक्तात दिसायला आठवडे लागतात. खोकण्याचा उपाय १९७६ साली कॅथेटरायझेशनच्या (हृदयापर्यंत नळी घालून करायच्या तपासणीच्या) टेबलावर, हृदयाचा आलेख डोळ्यांसमोर असताना, काही रुग्णांमध्ये काही सेकंदांपुरता दिसला होता. झटका म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, आणि हृदय खरोखर बंद पडते तेव्हा माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, मग खोकणार कोण?

राहिला गॅसचा मुद्दा. हृदयाच्या वेदना पहिल्या चार-पाच वक्षीय मज्जाखंडांत, म्हणजे मज्जारज्जूच्या छातीजवळच्या वरच्या भागांत, पोचतात, त्याच खंडांत छातीच्या आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेच्या संवेदना येतात, आणि म्हणून मेंदूला कळ हातात असल्याचा भास होतो. ती उजव्या हातात, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागातही जाणवू शकते, आणि मधुमेहींना कधी जाणवतच नाही. सोडा पिऊन वाट पाहणाऱ्या माणसाचे हृदयस्नायू दर मिनिटाला मरत असतात.

ती पट्टी मी खणातून काढून घेतली आणि त्या जागी १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. भाचीला कळवले आहे की, दिवाळीला येशील तेव्हा उजव्या कोरोनरी धमनीची आकृती कागदावर काढून दाखव, आणि खालच्या भिंतीचा झटका दिसला तर नायट्रेट देण्याआधी छातीच्या उजव्या बाजूला ईसीजीची व्ही-४-आर ही तार का लावतात, ते आजीला समजेल अशा मराठीत सांग.